ओव्हरटेकसाठी स्पीडची सूट नको, आधी साईड द्यायला शिकवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायचं म्हटलं की स्पीड वाढवावाच लागतो आणि नेमका तेवढाच क्षण कॅमेऱ्यात सापडला तर ई-चलान घरी येतं, त्यामुळे ओव्हरटेक करणाऱ्याला स्पीड लिमिटमधून सूट द्यावी. ते पत्र आमच्या स्टाफरूममध्ये वाचलं गेलं, घरी वाचलं गेलं, मिस्टरांची भाजीपाल्याची पिकअप आहे त्यांच्या ड्रायव्हर मित्रमंडळीत तर त्याचे फोटो फिरले आणि जवळजवळ सगळे म्हणाले की बरोबर लिहिलंय. मला ते पटलं नाही. मी नगर-कल्याण रस्त्यावर रोज स्कूटीवरून शाळेत जाते, कधी कार चालवते, आणि या प्रश्नाची समोरून येणाऱ्याची बाजू त्या पत्रात कुठेच नव्हती म्हणून हे लिहितेय. पत्र लांबलं तर काटछाट करा पण आकडे तेवढे ठेवा ही विनंती.

आधी कायद्याचं बघू कारण त्यावरच जास्त गैरसमज आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की ओव्हरटेक करताना थोडं जास्त चालतं. तसं काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ मध्ये वेगमर्यादा येते आणि त्या कलमात सूट कोणाला आहे तर लष्करी सराव चालू असतानाच्या लष्कराच्या गाड्यांना, ओव्हरटेकचा तिथे शब्दही नाही. लिमिट मोडलं की कलम १८३, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या गाडीला एक ते दोन हजार आणि मध्यम-जड गाडीला दोन ते चार हजार दंड. आणि हे कलम फक्त ड्रायव्हरला नाही, कामावरच्या माणसाला भरधाव चालवायला लावणाऱ्या मालकालाही आहे, हे आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनी जरूर वाचावं कारण पहाटेच्या आत माल मार्केटला टेकलाच पाहिजे असं फोनवर दहादा सांगणारे तेच असतात.

आता लिमिट किती ते. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारला एक्स्प्रेसवेवर १२०, मध्ये डिव्हायडर असलेल्या चार पदरी रस्त्यावर १००, आणि आमच्यासारख्या साध्या दोन पदरी रस्त्यावर ७०. ट्रकला याच रस्त्यावर ६०. ही जास्तीत जास्तची मर्यादा आहे, राज्य सरकार किंवा स्थानिक अधिकारी घाटात, गावाजवळ ती कमी करू शकतात, तसा बोर्ड लावून.

त्या पत्रलेखकाचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही हे मी मान्य करते, कारण गणित करून बघितलं तर त्यात दम आहे. सातवीच्या पोरांना वेग-वेळ-अंतर शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर घेते. ट्रक ६० ने चाललाय, मागून कार ७० ने. कारने मागे वीस-बावीस मीटर अंतर ठेवलंय, ट्रकची लांबी बारा मीटर धरा, कारची चार, आणि पुढे गेल्यावर तेवढंच अंतर सोडून परत आपल्या लेनमध्ये यायचं म्हणजे ट्रकच्या तुलनेत साठ मीटर जास्त कापायचे. दोघांच्या वेगातला फरक ताशी फक्त १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. म्हणजे ओव्हरटेक पूर्ण व्हायला जवळपास बावीस सेकंद लागतात. एवढ्या वेळात कार ४२० मीटर पुढे जाते, उजव्या बाजूनं, म्हणजे समोरच्याच्या हद्दीतून. आणि समोरूनही कोणी ७० ने येत असेल तर तोही ४२० मीटर आलेला असतो. ८४० मीटर रस्ता मोकळा दिसत असेल तरच हा ओव्हरटेक करायचा. ओतूर ते माळशेज या पट्ट्यात असा सरळ मोकळा तुकडा दिवसाच्या वर्दळीत किती वेळा मिळतो ते या रस्त्यानं जाणाऱ्याला विचारा.

हाच ओव्हरटेक ९० ने केला तर सव्वासात सेकंदात होतो आणि सव्वातीनशे मीटर रस्ता पुरतो. म्हणून लोक म्हणतात की पटकन दाबून निघून गेलेलं सेफ. वरवर बघता बरोबरच वाटतं.

पण इथेच थांबून विचार करायला हवा की ६० ने चाललेल्या ट्रकला ओव्हरटेक करून मिळतं काय. वीस किलोमीटरच्या अंतरात ६० आणि ७० मध्ये फरक पडतो तीन मिनिटांचा. तीन मिनिटं! आणि जिथे खरोखर ओव्हरटेक करावा लागतो, म्हणजे ऊसाची डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वीसच्या स्पीडनं चाललाय किंवा चढाला लोडेड ट्रक चाळीसवर आलाय, तिथे ७० मध्ये आरामात होतो. ट्रॅक्टरला सव्वाचार सेकंद, चाळीसच्या ट्रकला सव्वासात सेकंद, समोर पावणेतीनशे मीटर मोकळे असले की झालं. म्हणजे ज्या ओव्हरटेकची गरज आहे तो कायद्यात बसतो आणि जो बसत नाही त्याची बहुतेक वेळा गरजच नसते, एवढी साधी गोष्ट आहे ही.

शिवाय ९० ने काढलेला ओव्हरटेक फसला तर काय? ९० ला गाडीत साठलेला जोर ७० च्या मानानं दीडपटीहून जास्त असतो कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अर्ध्यात गेल्यावर समोरून मोटरसायकल वळणातून बाहेर आली, मागं फिरायचं ठरवलं, तर ब्रेक मारून ट्रकच्या मागं यायला ९० वरच्या माणसाला जास्त रस्ता लागणार, आणि तोवर त्याची मागची मोकळी जागा दुसऱ्या ओव्हरटेकवाल्यानं भरलेली असते. आणि सूट दिली की ती ओव्हरटेकपुरती राहील असं मानायला मी तयार नाही. ट्रक झाला की पुढे टेम्पो, टेम्पो झाला की पुढे बस, आपल्याकडे दिवसा रांग तुटत कुठे? नव्वदवर गेलेला माणूस सत्तरवर परत येतच नाही.

त्या पत्रात अमेरिकेचा दाखला होता आणि तो खरा आहे, तिथल्या काही राज्यांत अशी सूट आहे. मिनेसोटात दोन पदरी हायवेवर, जिथे लिमिट ताशी ५५ मैल किंवा त्याहून जास्त आहे तिथे, ओव्हरटेक करताना १० मैल जास्त चालतात, आयडाहोत १५ मैल. पण दाखला अर्धा देऊ नये. ती सूट ओव्हरटेकचे बाकीचे सगळे नियम पाळले तरच आहे. आणि त्या हायवेला लागून शाळा सुटत नाही, दूध घालायला निघालेला माणूस कडेनं सायकल चालवत नाही, म्हशी आडव्या येत नाहीत. दुसरीकडे ब्रिटनमध्ये अशी सूट नाही, जर्मनीतही नाही. जर्मनीचा नियम तर असा की तुमचा वेग पुढच्यापेक्षा चांगला जास्त असेल तरच ओव्हरटेक करा नाहीतर करूच नका. फ्रान्सने १ जुलै २०१८ पासून मध्ये डिव्हायडर नसलेल्या दोन पदरी रस्त्यांवरचं लिमिट ९० वरून ८० वर आणलं, तिथे त्यावरून केवढा आरडाओरडा झाला. सूट मागताना एवढंही बघायला हवं ना.

आता मूळ दुखण्यावर येते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. ओव्हरटेकमध्ये दोन ड्रायव्हर असतात आणि आपण बोलतो फक्त एकाबद्दल. ज्याला ओव्हरटेक केलं जातंय त्याच्यावरही कायद्यानं जबाबदारी टाकलेली आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत ती होती आणि २०१७ मध्ये आलेल्या मोटार वाहन चालविण्याच्या विनियमांतही आहे, की तुम्हाला कोणी ओव्हरटेक करत असेल तर तुम्ही स्पीड वाढवायचा नाही आणि त्याला अडवणारं काहीही करायचं नाही. जर्मनीतही हाच नियम, ब्रिटनचा हायवे कोड तर सांगतो की तुमची दिशा आणि वेग स्थिर ठेवा, गरज पडली तर कमी करा. आपल्याकडे हा नियम मोडल्याबद्दल कोणाला दंड झाल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. आमच्या शाळेत येणाऱ्या पालकांमध्ये निम्मे ड्रायव्हर आहेत, त्यांना विचारलं तर हा नियम असतो हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. उलट कोणी आपल्याला टाकून पुढे चाललंय म्हटलं की पाय आपोआप दाबला जातो, ती इज्जतीची गोष्ट होते.

मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय आणि ते समोरून बघितलंय. सकाळी शाळेत जाताना डिंगोरेच्या अलीकडे समोरून एक ट्रक येत होता आणि त्याच्या शेजारी, माझ्या बाजूला, एक पिकअप. टोमॅटोचे क्रेट रस्सीनं बांधलेले, हेडलाईट चालू, सारखा डिप्पर मारत. पिकअपचा पुढचा चाक ट्रकच्या केबिनपर्यंत पोचलेला. ट्रकवाल्यानं नुसता पाय उचलला असता तरी तो पुढे निघून गेला असता. पण सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, म्हणजे यानं दाबला, आणि दोघं खांद्याला खांदा लावून तसेच येत राहिले. मला स्कूटी खाली घेण्याशिवाय इलाज नव्हता. खाली म्हणजे कुठे, तर डांबर आणि साईडपट्टी यांच्यात वितभर पायरी पडलेली, पावसाळ्यात मुरूम वाहून गेल्यावर परत कोणी भरलाच नाही. चाक त्या पायरीवरून घसरलं, मी वाचले, हाताला खरचटलं, वह्यांचा गठ्ठा चिखलात. पिकअप आणि ट्रक दोघंही थांबले नाहीत. ट्रकचा क्लिनर मात्र खिडकीतून मागं वळून बघत होता.

या प्रसंगात पिकअपवाला चुकला का, चुकलाच. एवढ्या कमी फरकानं बाजूला यायलाच नको होतं. पण ट्रकवाला माझ्या दृष्टीनं त्याच्याइतकाच दोषी आहे आणि कॅमेऱ्याच्या, ई-चलानच्या, पंचनाम्याच्या जगात तो पूर्ण निर्दोष आहे. मी त्या दिवशी मेले असते तर एफआयआरमध्ये पिकअपवाल्यावर ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ हे ठरलेलं वाक्य पडलं असतं आणि ट्रक कागदावर आलाच नसता. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि केंद्राच्या अहवालात त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘ओव्हरस्पीडिंग’ या एका रकान्यात टाकलेले आहेत. माझं मत असं की त्या रकान्यात कितीतरी ओव्हरटेक दडलेले असणार, कोणी साईड दिली नाही, कोणी वळणावर बाहेर काढली, कोणी क्लिनर साईडनं म्हणजे डावीकडून घुसवली, हे सगळं ‘भरधाव’ या एका शब्दाखाली गेलं की पुढे उपाय तरी कशावर करणार.

सिग्नलचा तर नुसता गोंधळ आहे. पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ काय? कोणी म्हणतं जा पुढे, कोणी म्हणतं थांब समोरून गाडी येतेय, आणि कायद्याप्रमाणे तर मी उजवीकडे वळतोय. तीन अर्थ, एकच लाईट! जुन्या नियमांत पुढे जा म्हणून सांगायची खूण ठरवून दिलेली होती, उजवा हात बाहेर काढून मागून पुढे अर्धगोलात हलवायचा. म्हातारे ड्रायव्हर अजून तसा हात करतात आणि त्यांचा हात बघून जीव निर्धास्त होतो. नव्या पोरांना ती खूण माहीतच नाही.

बरं हे शिकवायचं कुठे, तर लायसन्सच्या वेळी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ ड्रायव्हिंग टेस्टबद्दल आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की उमेदवाराला सुरक्षित ओव्हरटेक करता आलं पाहिजे आणि दुसऱ्याला ओव्हरटेक करू देता आलं पाहिजे. करू देता आलं पाहिजे हे सुद्धा परीक्षेत आहे! मला लायसन्स काढताना ग्राउंडवर आठचा आकडा काढायला लावला, रिव्हर्स घ्यायला लावला आणि सही झाली. माझ्या भाच्याचंही तसंच झालं. मोकळ्या ग्राउंडवर एकटी गाडी असताना साईड द्यायची परीक्षा होणार तरी कशी?

चार पदरी रस्त्यावर प्रकार वेगळा पण मूळ तेच. ऑक्टोबर २०१५ पासून नव्या मालवाहू गाड्यांना स्पीड गव्हर्नर आलाय, ८० च्या वर जाता येत नाही, चांगलंच झालं. पण ७८ ने चाललेल्या ट्रकला ८० वाला ट्रक ओव्हरटेक करायला निघतो तेव्हा दोन मिनिटं आणि पावणेतीन किलोमीटर दोघं शेजारी शेजारी चालतात, मागं कारची रांग, आणि मग कोणीतरी वैतागून डावीकडून कट मारतो. इथेही डावीकडच्या ट्रकनं दहा सेकंद पाय उचलला की विषय संपतो. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तिथे पुलाआधी रस्त्याचे तीन पदर दोनवर येतात. देशभर चर्चा झाली ती मागच्या सीटबेल्टची, ती व्हायलाच हवी होती, पण पदर कमी होतात तिथे किती आधी पाटी आणि रेषा हवी यावर तेवढं बोललं गेलं नाही.

कायद्यात हत्यार नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, नियमबाह्य ओव्हरटेकचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. पण स्पीडचं चलान मशीन काढतं आणि ओव्हरटेकचं चलान काढायला माणूस उभा राहावा लागतो, म्हणून एकाचा पाऊस आणि दुसरं कोरडं. ज्या पत्रलेखकाला चलान आलं त्याचा राग मला समजतो, त्याला वाटतं की मी एका सेकंदासाठी ८४ वर गेलो तर दोन हजार आणि वळणावर पिवळी रेषा ओलांडून गेलेला मोकळा. राग बरोबर आहे, मागणी चुकली. त्यानं मोकळ्या सुटलेल्याला पकडा म्हणायला हवं होतं.

माझ्या मागण्या अगदी जमिनीवरच्या आहेत. स्पीड मोजणारी पोलिसांची इंटरसेप्टर गाडी घाटाच्या अलीकडे उभी असते, तिथल्या कॅमेऱ्यात नुसता स्पीड नको, सलग रेषा ओलांडणारे आणि ओव्हरटेक होत असताना स्पीड वाढवणारे दोघंही पकडा, व्हिडिओ आहे तर पुरावा आहे. लिमिटच्या आणि ओव्हरटेकिंग मनाईच्या पाट्या वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेल्यात, ते फ्लेक्स कोणाचेही असोत, काढा. दोन पदरी रस्ता चार पदरी होईल तेव्हा होईल, तोवर चढाच्या ठिकाणी एक जादा ओव्हरटेकिंग लेन द्या. स्वीडनने १९९८ पासून असे तीन पदरी रस्ते केले, मध्ये तारेचं बॅरियर आणि मधला पदर आलटून पालटून एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, म्हणजे कोणालाच समोरच्याच्या हद्दीत जावं लागत नाही. सगळीकडे नाही जमणार, जागा नाही, पण जिथे आहे तिथे करायला काय हरकत. आणि रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांत ८० च्या डिझाइन स्पीडला, म्हणजे ८० साठी आखलेल्या रस्त्यावर, ओव्हरटेकसाठी ४७० मीटर समोरचं दिसलं पाहिजे असं आहे, तर आमच्या रस्त्यावर जिथे तेवढं दिसत नाही तिथे ओव्हरटेकला मोकळीक देणारी तुटक रेषा का मारलेली आहे हे संबंधित खात्यानं एकदा फिरून बघावं. डिंगोरे ते मढ या पट्ट्यात रेषा आता दिसतच नाही, पुसून गेलीय.

ऊसतोड दिवाळीच्या आसपास सुरू होते, ट्रॅक्टर रस्त्यावर आले की संध्याकाळी सहानंतर बिनलाईटच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करणं चालू होतं. त्याच्या आत निदान एवढं करा, रेषा मारा, साईडपट्टीची पायरी मुरूम टाकून भरा, आणि कारखान्याच्या गेटवर प्रत्येक ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नका. आणि संपादक साहेब, तुम्ही रविवारच्या पानात तो साईड देण्याचा नियम मोठ्या अक्षरात छापा, मी त्याच्या झेरॉक्स काढून आमच्या शाळेच्या पालकसभेत वाटते.

आपली,
एक शिक्षिका,
ओतूर परिसर, ता. जुन्नर, जि. पुणे